निकालानंतरचे पाच आठवडे

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी पक्षांना निनावी देणगी देता येणारी निवडणूक रोखे योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. राजकीय पक्षांना पैसा कोण देतो, हे जाणून घेणे मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. खरी कसोटी पुढेच होती. रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेला न्यायालयाने त्यांचे तपशील निवडणूक आयोगाला द्यायला सांगितले होते; बँकेने त्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर लोकसभेची निवडणूक उरकली असती! ११ मार्चला न्यायालयाने ती मुदत नाकारली, अवमान कारवाईची तंबी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी माहिती निवडणूक आयोगाकडे पोहोचली. पण तिच्यात रोख्यांचे क्रमांक नव्हते, त्यामुळे देणारा आणि घेणारा जुळेनात. न्यायालयाने बँकेला पुन्हा खडसावले. २१ मार्चला ते क्रमांकही जाहीर झाले. आयोगाने प्रसिद्ध केलेल्या याद्या प्रत्येक मतदाराने एकदा तरी वाचाव्यात.