किडनी निकामी असली तरी केमोथेरपीचा रस्ता बंद होत नाही

घरातल्या वडीलधाऱ्यांना कॅन्सर निघाला आणि त्यांची किडनी आधीच कमजोर असेल, तर नातेवाईक लगेच म्हणतात, "आता केमो झेपणार नाही, राहू द्या." हा निर्णय घरात बसून घेऊ नका, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

भीती मात्र खोटी नाही. केमोची काही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी काम करत नसेल तर ती अंगात साचतात. तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो. मेथोट्रेक्सेट हे त्यातलंच एक. सिस्प्लॅटिन तर किडनीलाच इजा करतं.

पण सगळी औषधं सारखी नसतात. पॅक्लिटॅक्सेल मुख्यतः यकृतातून बाहेर पडतं. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं बोर्टेझोमिब किडनी निकामी असतानाही देता येतं. या आजारात कॅन्सर आटोक्यात आला की काही वेळा किडनीही सुधारते.

कार्बोप्लॅटिनचा डोस तर किडनी पाहूनच ठरतो. त्यासाठी १९८९ साली ब्रिटनमधले डॉक्टर कॅल्व्हर्ट यांनी सूत्र मांडलं. समजा, किडनीचा गाळण्याचा वेग १०० असलेल्या रुग्णाला ६२५ मिलिग्रॅम लागतं. तेवढाच परिणाम साधायला वेग २० असलेल्याला २२५ पुरतं. म्हणजे कमी डोस दिला म्हणून उपचार अर्धवट झाला असं नाही.

रुग्ण डायलिसिसवर असेल तर वेळ महत्त्वाची. काही औषधं डायलिसिसमध्ये धुऊन जातात. म्हणून केमो कोणत्या दिवशी आणि डायलिसिसच्या आधी की नंतर, हे कॅन्सरच्या आणि किडनीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

आपण काय करायचं? दोन्हीकडच्या फायली आणि डायलिसिसचे वार दोन्ही डॉक्टरांना दाखवा. फक्त क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. अशक्त, वयस्कर माणसात ते नॉर्मल दिसूनही किडनी कमजोर असू शकते. 'ईजीएफआर किती?' असं विचारा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. "केमोत भरपूर पाणी प्या" हा सल्ला डायलिसिसच्या रुग्णाला सरसकट लागू होत नाही, तेही विचारून घ्या. आणि ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.