हायब्रिड मोटारीचा जमाखर्च

आमच्या बार्शीटाकळीत कुणी नवी मोटार घेतली की रंग, किंमत, कंपनी या चौकशा नंतर होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते बाप्पा?" मी हायब्रिड गाडी चालवतो, म्हणून मला तो जरा जास्तच विचारला जातो. त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. निम्मं उत्तर गाडीत असतं, निम्मं चालवणाऱ्याच्या पायात. हा लेख त्या पायाबद्दल आहे.

2022 साली मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर बाजारात आल्या. दोघींच्या हायब्रिड प्रकाराचा प्रमाणित आकडा लिटरला 27.97 किलोमीटर. हा आकडा प्रयोगशाळेत, फिरत्या रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या वेळापत्रकानुसार मिळतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेलेला असताना महानच्या रस्त्यावर तो मिळेलच, असं नाही.

मग फरक किती पडतो? एक हिशेब मांडू. गाडी वर्षाला 24,000 किलोमीटर चालते, पेट्रोल 105 रुपये लिटर आणि हायब्रिडसाठी तीन लाख रुपये जास्त मोजले, असं धरू. साधी पेट्रोल गाडी लिटरला 16 किलोमीटर देत असेल तर वर्षाला 1500 लिटर लागतात. हायब्रिडने 24 दिले तर 1000 लिटर. बचत 52,500 रुपये. जास्तीचे पैसे पावणेसहा वर्षांत वसूल. तीच गाडी धसमुसळेपणाने चालवून 20 वर आणली तर बचत 31,500 रुपये आणि वसुलीला साडेनऊ वर्षं. मधली पावणेचार वर्षं निव्वळ चालवण्याच्या पद्धतीची आहेत.

हायब्रिड पैसा कुठे वाचवते, ते आधी समजून घ्यावं लागतं. तिला बाहेरून वीज मिळत नाही. चार्जिंगची वायरच नसते. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. बॅटरी अगदी छोटी असते. वर सांगितलेल्या गाड्यांत ती 0.76 युनिटची आहे, म्हणजे घरच्या वीजबिलातल्या एका युनिटपेक्षाही कमी. तिचं काम साठा करण्याचं नाही, उसनवारीचं आहे. ब्रेक लावताना चाकांची गती मोटरला जनित्रासारखी फिरवते, वीज तयार होऊन बॅटरीत जाते आणि गाडी पुन्हा निघताना तीच वीज वापरली जाते. साध्या गाडीत ही ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत जाते.

म्हणून पहिला धडा ब्रेकचा. माणसांसह गाडीचं वजन 1500 किलो धरलं, तर ताशी 80 किलोमीटर वेगात तिच्याकडे सुमारे 0.1 युनिट गतिज ऊर्जा असते. ती पाच सेकंदांत थांबवली तर सरासरी 74 किलोवॅट शक्ती बाहेर पडते. मोटर 59 किलोवॅटची आणि छोटी बॅटरी घेऊ शकते ती शक्ती त्याहून बरीच कमी. उरलेली चकत्यांतच जळते. वीस सेकंद घेऊन थांबलात तर तीच शक्ती साडेअठरा किलोवॅटवर येते आणि तिचा मोठा भाग बॅटरीत जमा होऊ शकतो. गतिरोधक, फाटा, रेल्वेचं फाटक लांबून दिसलं की तिथेच पाय उचलायचा आणि ब्रेक हलका, लांबवर दाबायचा. शेवटच्या क्षणी दाबलेला ब्रेक म्हणजे नुकसान.

दुसरा धडा उताराचा. काटेपूर्णा वाशिमच्या डोंगराळ भागातून उत्तरेला महानच्या धरणात आणि पुढे पूर्णेकडे वाहते. शेलूबाजारकडून महानमार्गे बार्शीटाकळीला येणारा रस्ताही एकूण तिच्यासारखाच उतरत येतो. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडायची, ही आपल्याकडची जुनी सवय. जुन्या जीपगाडीतही ती धोक्याचीच होती. हायब्रिडमध्ये ती तोट्याचीही आहे, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. 1500 किलोची गाडी 200 मीटर उंची उतरते तेव्हा 0.82 युनिट ऊर्जा मोकळी होते, म्हणजे अख्ख्या बॅटरीहून जास्त. हवा आणि टायर आपला वाटा घेतात, तरी उरतं ते सोडण्यासारखं नसतं. गियर 'डी'मध्येच ठेवावा. लांब घाटात बॅटरी भरली की मगच 'बी' वापरावा; तेव्हा इंजिन गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत.

तिसरा धडा अनेकांना उलटा वाटतो : वेग घेताना फार रेंगाळू नये. या गाड्यांत बहुधा ॲटकिन्सन चक्राचं इंजिन असतं. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने 1882 मध्ये मांडलेली ही कल्पना 1997 च्या टोयोटा प्रियसमुळे रस्त्यावर रुळली. हे इंजिन मध्यम भारावर सर्वांत काटकसरीने चालतं, अगदी हलक्या भारावर नाही. तेव्हा मध्यम जोराने हवा तो वेग गाठावा, पाय पूर्ण उचलावा आणि मग जेमतेम टेकवावा. इंजिन बंद होऊन गाडी काही अंतर मोटरवर चालते. मात्र 'ईव्ही'चं बटण सारखं दाबण्यात शहाणपण नाही. बॅटरीतली वीज काही फुकटची नसते. ती संपली की इंजिनला पुन्हा भरावी लागते आणि प्रत्येक रूपांतरात थोडी गळती होते.

चौथा धडा मोठ्या रस्त्याचा. तिथे ब्रेक क्वचित लागतो, म्हणून हायब्रिडची जादू ओसरते आणि हवेचा विरोध राज्य करतो. तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो : 80 च्या तुलनेत 100 वर दीडपटीहून जास्त, 120 वर सव्वादोन पट. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा आहे, सक्ती नाही.

बाकीची काळजी आपल्या हवापाण्याची. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. उन्हात तापलेली गाडी काचा उघडून मिनिटभर चालवावी, मग एसी लावावा. एसी बॅटरी खातो आणि इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करायला लावतो. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा पुरवणारी जाळी असते. आपल्याकडे धूळ आणि कापसाचे तंतू भरपूर. ती जाळी साफ ठेवावी, तिच्यापुढे पिशव्या रचू नयेत. थंड इंजिन जास्त पितं, म्हणून बाजार, बँक, तहसील ही कामं एकाच फेरीत उरकावीत. आणि ॲव्हरेज मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, तेही चार-पाच वेळा. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

एक सावधगिरी मात्र या सगळ्याच्या वर ठेवावी. दिवाळीच्या सुमारास कापसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. कित्येकांना मागचा दिवा नसतो. अशा वेळी चार्ज वाचवायला ब्रेक हलका ठेवू नये, करकचून दाबावा. पण पुढच्या वाहनापासून लांब राहायची आणि लवकर पाय उचलायची सवय लागलेली असेल, तर तशी वेळ मुळात कमी येते. त्या सवयीने वाचलेलं पेट्रोल मोजता येतं. टळलेले अपघात कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत.