चढावर गाडीचा दम कुठे जातो?

वाई मागे पडली की पसरणीचा घाट लागतो. जेमतेम बारा-तेरा किलोमीटरच्या रस्त्यात गाडीला साडेपाचशे मीटरहून जास्त उंची चढायची असते. गेल्या उन्हाळ्यात याच घाटात आमची बारा वर्षांची टर्बो डिझेल गाडी ओढेनाशी झाली. पुण्याहून वाईपर्यंत तिची काही तक्रार नव्हती. वाटेत खंबाटकी घाटात थोडी जड वाटली, पण वेगात होती म्हणून निभावलं. पसरणीच्या पहिल्या मोठ्या वळणानंतर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये पाय तळाला टेकला तरी काटा वर सरकेना. दुसरा टाकला, एसी बंद केला, मागच्यांना पुढे जाऊ दिलं आणि कसेबसे पाचगणीला पोचलो.

परतल्यावर एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच निदान झालं, ‘टर्बो गेला, बदलावा लागेल.’ मला ते पटलं नाही, म्हणून आधी कारण शोधायचं ठरवलं. शेवटी दोष निघाला तो पेन्सिलीपेक्षा बारीक अशा एका रबरी नळीत. टर्बो ठणठणीत होता. जुनी टर्बो गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला हा शोध उपयोगी पडेल, कारण त्याची रीत साधी आहे. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा माग काढायचा, प्रत्येक टप्प्यावर मोजायचं, आणि मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

घाटातच का?

पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,५०० किलो समजू. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेग टिकवायला चाकांचं घर्षण आणि हवेचा अडथळा एवढ्यांवरच मात करायची असते. त्यासाठी साडेतीन-चार अश्वशक्ती पुरते. आता त्याच वेगानं दर १०० मीटरला ६ मीटर चढणारा रस्ता घ्या. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वजन उचलायलाच आणखी १३ अश्वशक्ती लागते. म्हणजे वेग तोच, पण मागणी चौपटीच्या वर गेली.

सपाटीवर इंजिन आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरत असतं. त्यातली तिसरा हिस्सा ताकद गेली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. चढावर सगळी ताकद मागितली जाते आणि तूट उघडी पडते. त्यामुळे दोष घाटात झाला असं समजू नये. तो महिनोन् महिने असू शकतो, घाटात फक्त दिसतो.

एका लिटरला दहा हजार लिटर

ताकद डिझेलमधून येते, पण डिझेल जळायला हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला किमान साडेचौदा किलो हवा हवी. एका लिटर डिझेलसाठी हा हिशेब सुमारे १२ किलो हवेवर, म्हणजे समुद्रसपाटीला जवळजवळ दहा हजार लिटरवर जातो. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहूनही जास्त हवा घेतं, नाहीतर काळा धूर निघतो.

दीड लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा दीड लिटर हवा ओढतं. मिनिटाला २,००० फेरे असताना ती झाली १,५०० लिटर. स्वतःच्या बळावर याहून जास्त हवा ते घेऊ शकत नाही. इथे टर्बो कामाला येतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पाती-चाकं असतात. एक बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूंच्या झोतानं फिरतं, दुसरं ताजी हवा दाबून आत ढकलतं. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारी ऊर्जाच त्याला पळवते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणूनच वेळेवर बदललेलं तेल हे टर्बोचं पहिलं औषध आहे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट मागितलं. डोंगरावरची तिची कसोटी झाली १९१८ साली. जनरल इलेक्ट्रिकचा अभियंता सॅनफर्ड मॉस यानं लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेलं. समुद्रसपाटीला साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत सुमारे २३० वर आलं. टर्बो जोडताच ते पुन्हा साडेतीनशेवर गेलं. उंचीवर हरवलेला दम परत मिळवणं हेच टर्बोचं काम असेल, तर चढावर टर्बो गाडीच ढेपाळणं हा हवेच्या वाटेकडे बोट दाखवणारा पुरावा आहे.

आधी इंजिनाबाहेर बघा

तरीही पहिला प्रश्न हवेचा नाही. ताकद तयार होत नाही, की तयार होऊन चाकांपर्यंत पोचत नाही? चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. ब्रेक अडकून राहिले असतील तर सपाट रस्त्यावर कमीत कमी ब्रेक वापरून थांबल्यावरही एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागतं. जवळ हात नेला तरी फरक कळतो. ही दोन कारणं निकालात निघाली की मगच इंजिनाकडे वळावं.

पुढचा साक्षीदार धूर. दाट काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. तेव्हा टर्बोच्या सीलवर किंवा इंजिनाच्या रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे. आणि धूर अजिबात नाही, तरी ताकद नाही, तर गाडीच्या संगणकानं स्वतःहून डिझेल आवरतं घेतलं असण्याची शक्यता मोठी.

तिसरी खूण अगदी सोपी आहे. गाडी सुरक्षित जागी थांबवून किल्लीनं बंद केली, थोड्या वेळानं पुन्हा सुरू केली आणि ताकद परत आली, तर ती लिंप मोडमध्ये गेली होती. दाब नको तितका वाढला किंवा घटला की इंजिन वाचवण्यासाठी संगणक ताकद कापतो. टर्बोत वायूंची वाट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पात्या काजळीनं अडकल्या की असं वारंवार होतं.

हवेच्या वाटेनं

आता बॉनेट उघडायचं आणि हवेबरोबर चालायचं. पहिला टप्पा एअर फिल्टर. तो तुंबला असेल तर पुढचं सगळं निर्दोष असूनही इंजिन घुसमटतं. त्यानंतर हवा मोजणारा सेन्सर. त्यात विजेनं तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते. वाहती हवा तिला थंड करते आणि तिचं तापमान राखायला लागणाऱ्या विजेवरून हवेचं मोजमाप होतं. तिच्यावर धूळ-तेलाचा थर बसला तर हवा कमी असल्याचा खोटा निरोप जातो, आणि संगणक डिझेलही कमी देतो. योग्य फवारा वापरून तो साफ करता येतो. पट्टीला बोट किंवा कापड मात्र लावू नये.

पुढे टर्बो, तिथून इंटरकूलर आणि मग इंजिन. दाबल्यावर हवा तापते आणि तापली की विरळ होते. तिला पुन्हा थंड आणि दाट करण्याचं काम इंटरकूलरचं. या वाटेवरचे जाड रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा जुन्या गाडीत नक्की तपासाव्यात. होजची चीर गाडी उभी असताना मिटलेली असते आणि आत दाब आला की उघडते. जोडाभोवती तेलकट धूळ साचलेली दिसली, चढावर फुसफुस ऐकू आली, तर तिथेच शोधावं. मोजणीनंतर निसटलेली ही हवा संगणकाच्या हिशेबात जमा असते. तो त्या मापानं डिझेल देतो आणि काळा धूर निघतो. खात्री करायची तर मेकॅनिक इंजिन बंद ठेवून ही वाट बंदिस्त करतात, बेतानं दाब देतात आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडतात. बुडबुडे आले तिथे गळती.

शेवटी हवा आत जाण्याइतकंच बाहेर पडणंही महत्त्वाचं. जळलेला वायू थोडा परत आत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला, तर ताज्या हवेची जागा धूर खातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला तर वायू बाहेर पडत नाहीत आणि टर्बोही नीट फिरत नाही. डिझेल फिल्टर तुंबला की मंद गतीला इंजिन सुरळीत चालतं, पण चढावर मागणी वाढली की पुरवठा तोकडा पडतो.

संगणकाला विचारा

इतक्या संशयितांतून एक निवडायचा तर आकडे हवेत. स्टिअरिंगखाली असलेल्या जोडणीत लहानसा स्कॅनर लावला की गाडीचा संगणक काय बघतो आहे ते फोनवर दिसतं. पी०२९९ हा कोड टर्बोचा दाब कमी पडत असल्याचं सांगतो. पण तो लक्षणाचं नाव सांगतो, कारणाचं नाही. कोड वाचून टर्बो बदलणं म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटरवर विसंबून औषध देणं.

माझी पहिली तपासणी इंजिन न चालवता झाली. किल्ली चालू करून हवेच्या दाबाचा सेन्सर बघितला. इंजिन बंद असताना त्यानं बाहेरच्या वातावरणाचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळ. आमच्या गाडीनं ९५ दाखवला, म्हणजे सेन्सर खरं बोलत होता.

मग एका चढावर मी गाडी चालवली आणि मित्रानं शेजारी बसून आकडे टिपले. चालवणाऱ्यानं फोनकडे बघू नये. तीन आकडे महत्त्वाचे: संगणकाला हवा असलेला टर्बोचा दाब, प्रत्यक्ष दाब, आणि रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब. टर्बोचा दाब बरोबर आणि रेल प्रेशर कोसळतोय, तर डिझेलच्या बाजूला जावं. दोन्ही बरोबर आणि तरी ओढ नाही, तर ईजीआर, हवेचा सेन्सर किंवा क्लचकडे परतावं. आमच्या गाडीत १,८०० फेऱ्यांना संगणक २१० किलोपास्कल मागत होता आणि मिळत होता जेमतेम १३५. रेल प्रेशर ठीक. फेरे तीन हजारांपुढे गेले की दाबही सुधारत होता. खंबाटकीत निभावलं आणि पसरणीत अडलं, त्याचं कोडं इथे सुटलं.

धूर नव्हता, म्हणजे हवा मोजणीनंतर निसटत नव्हती, मुळात कमीच येत होती. फिल्टर नवा होता. उरला टर्बोच्या पात्यांचा कोन. कमी फेऱ्यांना या पात्या मिटून वायूंची वाट अरुंद करतात, झोत वेगवान होतो आणि टर्बो पळतो. आमच्या गाडीत त्यांना हलवतो व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर. इंजिन सुरू होताच त्याची दांडी ठामपणे ओढली जायला हवी. आमची अर्ध्यावर थांबत होती. हातपंपानं थेट व्हॅक्यूम दिला तर तीच दांडी पूर्ण सरकली आणि तिथेच टिकली. म्हणजे ॲक्च्युएटर चांगला, पात्या मोकळ्या. दोष त्याच्यापर्यंत येणाऱ्या नळीत होता. बारा वर्षांच्या उष्णतेनं रबर कडक झालं होतं आणि एका वळणावर त्याला चीर गेली होती. हातभर नवी नळी, तीही व्हॅक्यूमसाठीचीच, घातली आणि काम झालं.

टर्बो खराब होतच नाही असं नाही. दांडा आत-बाहेर हलत असेल, पाती कवचाला घासली असतील, निळा धूर आणि चढत जाणारी शीळ असेल, तर तो बदलावाच लागतो. पण तेव्हाही तो का गेला हे शोधायला हवं. तेलाची वाट तुंबलेली राहिली तर नवा टर्बोही त्याच वाटेनं जातो. घाट चढून आल्यावर एखादा मिनिट इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावं, म्हणजे तापलेल्या दांड्याभोवती तेल जळून बसत नाही.

गॅरेजमध्ये जाताना ‘गाडी पिकअप घेत नाही’ एवढंच सांगू नका. किती फेऱ्यांना, कोणत्या गिअरमध्ये, थंड असताना की तापल्यावर, धूर कोणता, किल्ली बंद-चालू केल्यावर काय होतं, हे कागदावर लिहून न्या. चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं, आणि घाईनं सांगणाऱ्यालाही थांबून बघावं लागतं.

पावसाळ्याआधी पुन्हा पसरणी चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून. पाचगणीला गाडी उभी केली, इंजिन बंद करून किल्ली चालू केली आणि सेन्सर बघितला: ८७ किलोपास्कल. पुण्यापेक्षा आठनं कमी. हवा खरोखरच विरळ होती. वाटेत कुठेही गाडीनं ती जाणवू दिली नव्हती.