ग्रामोफोनची स्प्रिंग बदलण्याआधी

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वाड्यातला चावीचा ग्रामोफोन मंदावला, की पहिला संशय स्प्रिंगवर जातो. बहुतेक वेळा तो अन्यायाचा असतो. स्प्रिंग तुटली किंवा आकड्यातून निसटली, तर चावी नुसतीच फिरत राहते. हाताला ताण लागत नाही. ताण लागतो, पण मधूनच धप्प आवाज होऊन तबकडी अडखळते, तेव्हा दोष स्प्रिंगच्या डब्यातल्या वाळलेल्या ग्रीसचा. पोलादी पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि झटक्याने सुटतात. इकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. त्या उष्णतेत ग्रीसमधले तेल निथळून नुसता चिकटा उरतो. नवी स्प्रिंग टाकली की प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. पण वेग सांभाळणारा गव्हर्नरच कोरडा असेल, तर नवी स्प्रिंगही रखडेल, आणि अस्सल जुना भाग मात्र हकनाक जाईल. म्हणून आधी गव्हर्नरच्या बेअरिंगला आणि घर्षणाच्या चामडी गादीला तेलाचा एकेक थेंब द्यावा. मग रेकॉर्डखाली कागदाची पट्टी ठेवून फेरे मोजावेत: मिनिटाला 78 हवेत. एवढ्याने भागले नाही, तर डबा जाणत्या कारागिराकडेच उघडावा, तोही चावी पूर्ण उतरवून; कारण उसळलेली पट्टी बोटे चिरते.