घरचे जनावर आणि रेबीजची लस

पाळीव कुत्र्यामांजरांवर घरच्या मंडळींचा जो विश्वास असतो तो त्यांच्या स्वभावापुरता कितीही सार्थ असला, तरी रेबीजच्या बाबतीत त्याला लसीच्या दाखल्याची जागा देता येणार नाही. कारण लाळेतून जखमेत आणि जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचणारा हा विषाणू इमानी जनावरालाही सोडीत नाही, आणि लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर खात्रीचा इलाज आजही उपलब्ध नाही.

“आमचं मांजर उंबरठा ओलांडत नाही, त्याला लस कशाला?” हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतही सर्रास ऐकू येतो. परंतु दिवसभर खिडकीतल्या गादीवर निजणारे मांजरच एखाद्या रात्री दार उघडे सापडताच जिना उतरून जाते, आणि तेथे त्याला झालेला दंश केसांच्या दाटीत असा दडून राहतो की घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पुणे महानगरपालिकेने कुत्र्यांप्रमाणे मांजरांनाही परवाना लागू करून अर्जासोबत लसीकरणाचा दाखला मागितला, तो हुकूम मला सर्वस्वी रास्त वाटतो.

लहानपणी एकदा लस टोचली की जन्माची निश्चिंती झाली, हा समज तर अधिकच घातक होय. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीचा परिणाम मंद करू शकतात, म्हणून पहिली मात्रा साधारणतः पिल्लू ३ महिन्यांचे झाल्यावर देतात. पुढे महिन्याभराने दुसरी आणि त्यानंतर दरवर्षी एक, असा आपल्याकडील पशुवैद्यांचा प्रघात आहे. लसीचे नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख, पुढील मात्रेची मुदत आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक, हा तपशील दाखल्यावर आहे याची खातरजमा मालकाने दवाखान्यातच करून घ्यावी. दरसालच्या या लसीने काय साधते ते शेजारच्या गोव्यात दिसले. त्या राज्याने सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत दरसाल लस पोहोचविण्याचा ध्यास घेतला. २०१८ पासून पुढे काही वर्षे तेथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, हा समज मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पाण्याचे भय हे रोगी माणसाचे लक्षण. कुत्रा पाण्यात उतरलासुद्धा तरी तो निरोगी ठरत नाही. तो चवताळेलच असेही नाही. रोगाच्या एका प्रकारात तो कोपऱ्यात मुकाट पडून राहतो, त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळवत नाही. अशा वेळी घशात हाड अडकले असावे या समजुतीने, निव्वळ मायेपोटी, मालक त्याच्या तोंडात हात घालतो आणि त्याची विषारी लाळ आपल्या बोटांवरच्या बारीकसारीक ओरखड्यांना लावून घेतो.

दंश झाल्यास जखमेत हळद, मिरची वा चुना भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने ती १५ मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. पोटातल्या १४ इंजेक्शनांची धास्ती कित्येकांना अजूनही मागे ओढते. वस्तुतः ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली असून आताची दंडावर टोचतात. चावलेला कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी हयगय करू नये. त्याला १० दिवस नजरेखाली ठेवावे, पण तोवर उपचार तहकूब करू नयेत; जनावर त्या मुदतीनंतरही धडधाकट राहिले तर उरलेल्या मात्रांचे काय करायचे हे डॉक्टर ठरवितात.