थेंबाचा माग

सकाळी मोटार बाहेर काढली की रात्रभर ती उभी होती त्या फरशीवर एखादा ओला डाग दिसतो. पुष्कळांची नजर त्यावरून सरकून जाते. काहीजण मात्र घाबरून गॅरेज गाठतात आणि मूळ दोष कायम ठेवून भलतेच भाग बदलून घेतात. वास्तविक त्या डागात वाहनाच्या प्रकृतीची बरीच माहिती असते. ती वाचण्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. थोडे निरीक्षण आणि एक रात्र पुरेशी असते.

रायपूरसारख्या शहरात तर ही सवय अधिकच उपयोगाची. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उष्णतेत रबरी नळ्या आणि ऑइल सील लवकर कडक होतात, त्यांना तडे जातात. शिवाय सुटीत दुर्ग-राजनांदगावमार्गे नागपूरला जाणारी किंवा धमतरी-कांकेरवरून केशकाल घाट चढून जगदलपूर गाठणारी कुटुंबे अनेक आहेत. घराच्या अंगणातील लहानसा थेंब अशा प्रवासात मोठे संकट होऊ शकतो.

थेंब कशाचा?

रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनाखाली एक स्वच्छ, पांढरा पुठ्ठा पसरावा. पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवावी. सकाळी रंग, वास आणि स्पर्श यांवरून द्रव ओळखता येतो.

इंजिन ऑइल नवे असताना मधासारखे, पुढे तपकिरी वा काळे असते. डिझेल गाडीत ते फार लवकर काळवंडते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असून त्याला गोडसर वास येतो. ते विषारी असल्याने त्याची चव घेऊ नये आणि सांडलेले लगेच धुऊन टाकावे, कारण जनावरे ते चाटतात. लाल, पातळ तेल बहुधा पॉवर स्टिअरिंगचे किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे असते. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेले तेल गिअर ऑइल समजावे. ब्रेक ऑइल फिकट पिवळसर, पातळ आणि अतिशय निसरडे असते. ते गाडीच्या रंगावर पडल्यास रंगही उखडतो. पेट्रोल व डिझेल वासानेच ओळखू येतात.

रंग, वास, चिकटपणा यांपैकी काहीच नसेल, तर ते वातानुकूलन यंत्राचे पाणी होय. ते बहुधा सहप्रवाशाच्या पायांखालच्या बाजूस ठिबकते. येथे ऋतूचीही साक्ष घ्यावी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे पाणी भरपूर पडते आणि त्यात काही वावगे नसते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बाष्पच कमी असल्याने ते थोडे पडते. म्हणून भर उन्हाळ्यात मोठा डाग दिसला, तर कूलंटची शंका आधी घ्यावी.

थेंब कोठून?

थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते, असे मात्र नाही. तेल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीतील वारा त्याला मागे ढकलतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेल चेंबरच्या नटावरून ठिबकते आणि दोष नटाच्या माथी येतो. म्हणून ओल्या भागातील सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. सिलतरा-उरला औद्योगिक पट्ट्यातून ये-जा करणाऱ्या गाड्यांवर धूळ आणि तेलाचा काळा थर बसतो. त्याखाली उगम दडतो. अशा वेळी इंजिन आधी स्वच्छ करून घ्यावे, थोडे अंतर चालवावे आणि मग पाहावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये.

कूलंट तापलेल्या इंजिनावर पडून वाळते. त्यामुळे जमिनीवर डाग नसतानाही टाकीतील पातळी घटते. नळीच्या जोडाशी किंवा वॉटर पंपाजवळ जमलेला पांढरट वा रंगीत पापुद्रा ही त्याची खूण. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्याशिवाय उघडू नये.

थांबावे केव्हा?

ऑइलचा क्वचित पडणारा थेंब पातळी नियमित तपासत काही दिवस सांभाळता येतो. ब्रेक ऑइल आणि इंधन यांच्या गळतीत मात्र गाडी एक किलोमीटरही हलवू नये, मिस्त्रीला जागेवर बोलवावे. चाकाच्या आतल्या बाजूस निसरडा ओघळ दिसला, तर ती ब्रेकची गळती समजून चालावे. प्रवासात ऑइलचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

यात आर्थिक बाजूही आहे. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई नसते. दगड लागून चेंबर फुटणे हा अपघात आहे. पण त्यानंतरही गाडी तशीच दामटल्याने इंजिन जॅम झाले, तर ते नुकसान परिणामजन्य ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणि तिच्यासाठी कर्ज देताना तपासणी करणाऱ्या सहकाऱ्यांनीही चकाकत्या बॉनेटआधी गाडीच्या नेहमीच्या उभ्या राहण्याच्या जागेकडे पाहावे. इंजिन धुऊन पुसून नवे दाखविता येते, पण वर्षानुवर्षे फरशीत मुरलेला डाग सहजासहजी जात नाही. गॅरेजमध्ये जाताना पुठ्ठा सोबत न्यावा. ‘काहीतरी गळते आहे’ या तक्रारीपेक्षा ‘पुढच्या उजव्या चाकामागे, रात्रभरात चार थेंब, लाल रंग’ हे वर्णन मिस्त्रीचा वेळ वाचविते आणि आपला खर्चही.