मेघांची उंची आणि कोकणचा पाऊस

ढग किती उंच आहे, हें बुरोंडीच्या किनाऱ्यावर उभें राहून मोजूं गेल्यास मोठी अडचण पडते. डोंगराची उंची त्रिकोणमितीनें काढतां येते, कारण डोंगर जागचा हालत नाहीं. मेघ मात्र कोन घेऊन होण्यापूर्वींच आकार पालटतो. कालिदासाच्या यक्षानें मेघास अलकेची वाट सांगितली, पण उंची विचारण्याच्या भरीस तो पडला नाहीं, हें शहाणपणाचेंच!

आतां हें मापन वरून होतें. आपले 'इन्सॅट-३डीआर' (२०१६) व 'इन्सॅट-३डीएस' (२०२४) हे उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून मेघांच्या माथ्यापासून निघणारे अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणारे, किरण टिपतात. त्यांवरून माथ्याचें उष्णतामान कळतें. वर जावें तसतशी हवा किलोमीटरमागें सरासरी साडेसहा अंशांनीं गार होते. खालीं २८ अंश आणि माथ्यावर उणे ५० अंश असल्यास अंतर ७८ अंशांचें. अर्थात् उंची १२ किलोमीटर. त्रैराशिक शाळेंतलेंच आहे. मात्र विरळ ढगांतून खालची ऊब आरपार येते व तो आहे त्याहून ठेंगणा भासतो.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें दापोलीकडील बागांची धूळधाण केली. अशा वादळाचे मेघ १५ किलोमीटरांपर्यंत चढतात. त्यांचे माथे अतिशीत, म्हणून चित्रांत ठळक उमटतात, आणि वादळाची चाल तें समुद्रावर असतांनाच समजते.

परंतु मुंबईच्या मुलांनीं तेंच चित्र पाहून "तिकडे विशेष पाऊस दिसत नाहीं" असें कळवावें, आणि येथें पागोळ्यांनीं अंगण भरून वाहावें, हा प्रकार आम्हीं आषाढांत अनेकदां अनुभविला आहे. त्यांत मुलांचा दोष नाहीं. सह्याद्रीस अडून चढणारे मेघ पुष्कळदां पांच-सहा किलोमीटरांवर, गोठणबिंदूच्या आसपासच, थांबतात. त्यांत बर्फ फारसा होत नाहीं. थेंबांस थेंब मिळून ते कोसळतात. उपग्रहास असा मेघ उबदार दिसतो, आणि केवळ माथ्याच्या गारव्यावरून बांधलेला पावसाचा अंदाज कोकणांत उणा पडतो.

अमेरिकेच्या 'क्लाउडसॅट'नें २००६ पासून रडारच्या लहरी मेघाच्या पोटांतून धाडून त्याचा उभा छेद दाखविला. पण तो जाई त्या अरुंद रेषेपुरताच. महाबळेश्वरीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तेथें पावसाळ्यांत मेघ खिडकीशीं येतात, आणि त्यांचे थेंब जागच्या जागीं मोजले जातात.